शेपटीवाला ठिपका

ते साल एकोणीसशे एक्याऐंशी. त्या काळी सकाळी-सकाळी फोन वाजला की आधी छातीत धस्स व्हायचं आणि मग हात पुढे जायचा. आत्यांकडे रविवारी सकाळी फोन वाजला, तेव्हा त्या चहाचा कप उकळत्या पाण्यातून काढत होत्या. कप कालच धुतलेला होता. तरीही.

फोनवर डॉक्टर होते, त्यांच्या थोरल्या भावाचे जुने मित्र.

"इन्स्पेक्टरबाई, ताबडतोब या. काल दादाच्या वाढदिवसाला आम्ही काय प्यायलो ते मला कळलं पाहिजे."

"दारू प्यायलात. मी नको म्हटलं होतं."

"दारू असती तर फोन केला नसता. आणि अजून एक. तुमचा भाऊ धाकट्या सुनेला घराबाहेर काढतोय. महिनाअखेरीपर्यंत तिनं खोल्या रिकाम्या करायच्या."

आत्यांनी कप तसाच पालथा घातला आणि चप्पल चढवली.

आत्या म्हणजे निवृत्त अन्न-तपासनीस. दुधातलं पाणी, तुपातली चरबी, मुरंब्यातल्या मुंग्या यांच्यामागे सगळी हयात गेली. हॉटेलांची स्वयंपाकघरं मागच्या दारानं पाहिलेली असल्यामुळे त्यांनी पुढच्या दारानं कधी हॉटेलात पाऊल टाकलं नाही. कुणाच्या ताटातलं खाणं नाही, कुणाच्या पेल्यातलं पिणं नाही. लग्नाला गेल्या तर डबा घेऊन जात. नातेवाईक पाठीमागे हसत. पण कुणाच्या घरी काही नासलं, की सगळ्यांना आठवण आत्यांच्याच नाकाची.

दादांचं घर दोन गल्ल्या सोडून. दादा नकाशे काढणारे. सरकारी कचेरीत बसून दुसऱ्यांच्या जमिनींच्या रेषा ओढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पगार बेताचा, छंद मात्र श्रीमंताचा. त्यांना वाइन जमवायची होती. डॉक्टरांनी पहिली बाटली दिली तेव्हा वहिनी हयात होत्या, आणि "घरात आधी गादी तरी नवी घ्या" असं त्या म्हणाल्याचं आत्यांना चांगलं आठवत होतं. दादा म्हणाले होते, महागडी बाटली कुणीही विकत घेईल. स्वस्तातली चांगली ओळखायला अक्कल लागते.

ती अक्कल त्यांनी कमावली. नावाजलेल्या दुकानांच्या वाऱ्याला उभे राहिले नाहीत. छोट्या द्राक्षमळेवाल्यांकडे हंगाम सरल्यावर जायचं, एकाच जातीच्या दोन बाटल्या घ्यायच्या, एक लगेच उघडायची. जिभेला टोचली, तोंड कोरडं करून गेली, तर दुसरी ठेवून द्यायची. टोचणारी तांबडी वाइनच पुढे म्हातारपणी गोड होते, माणसांचं नेमकं उलट असतं, असं ते म्हणत. पांढरी मात्र ठेवायची नाही, पिऊन मोकळं व्हायचं.

ठेवायला जिन्याखालची कोठी होती. ऊन न लागणाऱ्या भिंतीला चिकटून त्यांनी मोरीचे मातीचे पाइप आडवे रचले होते. भट्टीवर टाकून दिलेले, तडा गेलेले, जवळजवळ फुकटचे. प्रत्येक पाइपात एक बाटली, आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. वर ओलं पोतं, कोपऱ्यात थर्मामीटर. कांदा, रॉकेल, रंगाचा डबा यांना आत बंदी. ओलाव्यानं कागद कुजतो म्हणून दादा घरी आणल्या-आणल्या लेबलं धुऊन टाकत, बुचावर तांबडी लाख ओतत आणि मानेला पत्र्याचा बिल्ला बांधत. कोठीत उभं राहिलं की पाइपांच्या तोंडांतून बाहेर आलेल्या लाखेच्या मानाच तेवढ्या दिसत. बाकी बाटली आत, अंधारात.

आत्या पोचल्या तेव्हा दादा खिडकीत पाठ करून बसले होते. त्यांना पंचाहत्तरावं लागलं होतं आणि मोतीबिंदूनं डोळे दुधाळ झाले होते.

"तुला कुणी बोलावलं गं?"

"नाकानं," आत्या म्हणाल्या. "जिन्यापर्यंत वास येतोय."

झालेलं असं होतं. आदल्या संध्याकाळी दादांनी पहिल्यांदाच अगदी खालच्या रांगेतल्या, सगळ्यांत जुन्या बाटल्या काढायला लावल्या. त्या शेवटी उघडायच्या असं ते वर्षानुवर्षं सांगत आले होते. पण डोळे जाण्याआधी त्या वाइनचा रंग एकदा बघावा असं त्यांच्या मनात आलं. धाकट्या सुनेनं स्वयंपाकघरात बाटल्या उघडल्या, नेहमीसारखं मलमलच्या फडक्यातून काचेच्या जगमध्ये गाळलं आणि डॉक्टरांनी जग बाहेर नेला. पाहुण्यांना बाटली दिसतच नाही, जगच दिसतो. डॉक्टरांनी घोट घेतला आणि सरळ कुंडीत थुंकले. दादा यजमान, त्यांनी मात्र आख्खा पेला शांतपणे गिळला. मग उठून मोरीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पुढचं सगळं थोरल्या मुलानं हातात घेतलं. किल्ली धाकटीकडे असते, म्हणाला. तीच चोरून पिते आणि बाटल्यांत घाण भरते. तिच्या खोल्या बघा. थोरल्या सुनेनं बघितल्या, आणि शिवणयंत्रामागच्या कपाटात एक रिकामी बाटली निघालीही. डॉक्टरांनी तेवढ्यात शहाणपणा केला. कोठीला कुलूप लावलं, उघडलेल्या बाटल्या आतच ठेवल्या आणि किल्ली स्वतःच्या खिशात घातली.

आत्यांनी आधी फडकं मागितलं. तेच मलमलचं. ते अजून धुतलेलं नव्हतं.

त्यांनी ते खिडकीत पसरलं आणि भिंग धरलं. लिंबाची एक बी. पातळ कागदी रुमालाचा भिजून गोळा झालेला तुकडा. सिगारेटची राख. आणि दोन ठिकाणी मेणासारखे गुलाबी ठिपके, बोटानं चोळले तर पसरणारे. त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि जगमध्ये उरलेलं एका पसरट बशीत ओतलं. उन्हात धरल्याबरोबर वर तवंग दिसला. इंद्रधनुष्यासारखा, तुकड्यातुकड्यांचा.

"डॉक्टर, वाइनमध्ये तेल असतं?"

"वाइनमध्ये? कसं असेल?"

"नसतंच." आत्यांनी बशी दूर सारली. त्यांचं तोंड जे वाकडं झालं ते दिवसभर सरळ झालं नाही.

मग त्या कोठीत शिरल्या. वरच्या रांगेतली एक बाटली बाहेर ओढली. पाठीवर चुन्याचा ठिपका. वाटोळा, बोराएवढा, कडा स्वच्छ. दिव्यासमोर धरली, तर ठिपक्याच्या बरोबर उलट बाजूला, बाटलीच्या लांबीभर, काजळाच्या रेघेसारखा गाळ बसलेला. खालच्या रांगेतली न उघडलेली बाटली ओढली. तिच्यावरही चुन्याचा ठिपका होता. पण या ठिपक्याला शेपूट होतं. चुना ओघळून बाटलीच्या बुडाकडे गेला होता आणि तसाच वाळला होता. गाळाची रेघ कुठेच नव्हती. आत काहीतरी मऊ, शेवाळासारखं, इकडून तिकडे हललं.

आत्यांनी तिसरी काढली, चौथी काढली. खालच्या रांगेतल्या सगळ्याच ठिपक्यांना शेपटं. एका बाटलीची लाख त्यांनी खरवडली. बुचाला मळसूत्राचं भोक आधीच पडलेलं होतं.

आता माणसं.

धाकटी सून खालच्या दोन खोल्यांत राहायची. दादांचा धाकटा मुलगा अपघातात गेला तेव्हापासून ती तिथे शिवणकाम करून पोट भरत होती आणि सासऱ्यांचं सगळं करत होती. माहेरी भाऊ होता, पण त्याच्या घरी तिच्यासाठी पाट मांडायला कुणी बसलं नव्हतं. त्या दोन खोल्या गेल्या की शिवणयंत्र गेलं, गिऱ्हाईक गेलं, उरला तो भावाच्या घरातला कोपरा. ती रडत नव्हती. मापाच्या टेपची गुंडाळी करत होती, सोडत होती, पुन्हा करत होती.

"किल्ली कुठे असते?"

"घड्याळाजवळच्या खिळ्याला. सगळ्यांना माहीत आहे."

"ठिपका कोण लावतं?"

"आधी बाबाच लावायचे. त्यांना दिसेनासं झाल्यापासून मी."

"कसा लावतेस?"

तिला प्रश्नच कळला नाही. "कसा म्हणजे? बाटली टॉवेलवर आडवी करायची, वरच्या अंगाला ठिपका द्यायचा. वाळला की तेच अंग वर ठेवून पाइपात सारायची. पुन्हा कधी काढली तर तेच अंग वर. नाहीतर गाळ ढवळतो, बाबा ओरडतात."

"तू पितेस?"

"बाबा आग्रह करतात म्हणून बोट बुडवते." मग म्हणाली, "आत्या, प्यायलेच असते तर वरच्या रांगेतली प्यायले असते. खाली वाकायला माझी कंबर कुठे ऐकते?"

कपाटात सापडलेली बाटली आत्यांनी हुंगली. आत डाग नाही, गाळ नाही, वाइनचा वाससुद्धा नाही. धुण्याच्या सोड्याचा उग्र वास. लख्ख घासलेली.

डॉक्टरांना त्यांनी एकच काम सांगितलं. नवी बाटली, चुन्याची वाटी आणि कुंचला पुढे ठेवून म्हणाल्या, खूण करा. डॉक्टरांनी न विचारता बाटली आडवी केली आणि ठिपका दिला. वाटोळा.

"माझ्यावर संशय आहे की काय, इन्स्पेक्टरबाई?"

"होता. किल्ली तुमच्या खिशात, चव तुमच्या जिभेला. आता नाही."

थोरला मुलगा संध्याकाळी आला. त्याचा काचसामान भाड्यानं देण्याचा धंदा. शहरातली कुठलीही मेजवानी असो, ग्लास, बश्या, जग त्याच्या गोदामातून जात आणि खरकटे परत येत. कालचे ग्लासही त्याच्याच टेम्पोतून आले होते. धंदा वाढला होता, गोदाम अपुरं पडत होतं, आणि वर्षभर तो बापाच्या मागे लागला होता की खालच्या दोन खोल्या खोक्यांसाठी द्या. स्वतः तो थेंबाला शिवत नसे, आणि ते चारचौघांत सांगितल्याशिवाय राहत नसे. नाकानं कांदे सोलणारा माणूस.

"कोठीत तू शेवटचा कधी गेला होतास?"

"मी? आत्या, त्या आंबूस वासानं मला मळमळतं. मी त्या दारातून कधी आत पाऊल टाकलेलं नाही."

"बाटली उघडताना काल स्वयंपाकघरात होतास?"

"नाही. मी बाहेर पाहुण्यांत होतो. कुणालाही विचारा."

"मग धाकटीवर एवढा भरवसा कसा?"

"अहो, उघड आहे. किल्ली तिच्याकडे, लाख ती ओतणार, बाटलीच्या पाठीवर चुन्याचा ठिपका ती देणार. सगळा कारभार तिचा. आणखी काय पुरावा पाहिजे?"

आत्यांनी मान डोलावली आणि कॉफीला नको म्हणाल्या. त्या घरच्या कपात त्या कधीच पीत नसत, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, थोरला वसुलीला गेलेला असताना, त्या त्याच्या गोदामात गेल्या. ओळख सांगितली, मालकांच्या आत्या म्हटल्यावर कुणी अडवलं नाही. आदल्या रात्रीच्या कुठल्याशा समारंभाची खोकी नुकतीच उतरली होती. शेकडो ग्लास, कडांवर ओठांचे ठसे, तळाशी कुणी टाकलेली राख, कुणी बुडवलेली लिंबाची फोड, कुणाचा तोंड पुसलेला कागद. माश्या सुस्तावून बसल्या होत्या. धुणारी बाई एकेक ग्लास उचलून त्यातलं उरलंसुरलं कोपऱ्यातल्या निळ्या पिंपात ओतत होती. पिंपावर नरसाळं, नरसाळ्यात फडकं.

"मोरीत का नाही ओतत?"

"मालक ओतू देत नाहीत. जाळी तुंबते म्हणतात."

"जेवणाचं खरकटंही पिंपातच?"

"ते मोरीत. एवढं तांबडं पाणीच पिंपात."

बाईच्या कोपरापर्यंत सोड्याचा फेस होता. तो उग्र वास आत्यांनी ओळखला. त्या बाहेर आल्या, गल्लीच्या टोकाशी भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या, आणि नोकरीतल्या इतक्या वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते झालं. सकाळचं सगळं बाहेर पडलं.

त्या संध्याकाळी, अजून उजेड असतानाच, त्यांनी सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं. दादा खिडकीत, डॉक्टर त्यांच्या शेजारी. थोरला आणि त्याची बायको कोचावर. धाकटी दाराशी उभी. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. आत्यांनीच खुर्ची ओढून दिली.

टेबलावर दोन बाटल्या होत्या. एक वरच्या रांगेतली, एक खालच्या.

"दादा, हात पुढे कर. या ठिपक्यावरून बोट फिरव. कसा आहे?"

"वाटोळा."

"आणि हा?"

दादांचं बोट खाली-खाली बुडापर्यंत गेलं. "ओघळलाय."

"आडव्या बाटलीवर दिलेला ठिपका जागच्या जागी राहतो. उभ्या बाटलीवर दिला की ओघळतो. ठिपका का द्यायचा हे ज्याला माहीत आहे, तो आधी बाटली आडवी करतो. कारण वरचं अंग कुठलं हे आडवी केल्याशिवाय ठरतच नाही. धाकटी तसंच करते. डॉक्टरही तसंच करतात. पण ज्याला वाटलं की ही नुसती मोजणीची खूण आहे, त्यानं बाटली टेबलावर औषधासारखी उभी केली आणि चुना फासला. म्हणजे बाटल्या बदलणारा माणूस कोठी बघून गेलेला, पण वाइनशी ज्याचं काही देणंघेणं नाही असा."

थोरल्यानं घसा खाकरला. "तिनं घाईत लावला असेल."

"बाळा, तुला ठिपका ठाऊक कसा?"

"म्हणजे?"

"काल तू मला म्हणालास, बाटलीच्या पाठीवर चुन्याचा ठिपका ती देते. कोठीत उभं राहिलं तरी नुसत्या मानाच दिसतात. पाठ दिसते ती पाइपातून बाटली बाहेर ओढल्यावर. तू तर दारातून आत गेला नाहीस. परवा बाटल्या स्वयंपाकघरात उघडल्या, तू बाहेर होतास. नंतर कोठीला कुलूप, किल्ली डॉक्टरांकडे."

"बाबांनी कधीतरी सांगितलं असेल."

"वाइनबद्दल तू माझ्याशी एकदाच बोललास," दादा खिडकीकडे बघतच म्हणाले. "फेकून द्या म्हणालास."

थोरली सून नवऱ्याकडे बघत होती.

आत्यांनी फडक्यात सापडलेल्या वस्तू बशीत ठेवल्या होत्या. ती बशी त्यांनी पुढे सरकवली, हात पुसले, आणि मग बोलल्या. आवाज चढवला नाही. नासक्या मालावर शिक्का मारताना बोलत तशाच बोलल्या.

"नासलेल्या वाइनचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, होतो. त्यात लिंबाची बी येत नाही. राख येत नाही. हा गुलाबी ठिपका ओठांच्या रंगाचा आहे. आणि हा तवंग तेलाचा. तळलेलं खाल्लेल्या तोंडांनी ग्लास ओठाला लावला की तेल पेयात उतरतं. हे पेय कुणा एकाचं नाही, शेकडो तोंडांचं आहे. मी आज गोदामात गेले होते. निळं पिंप बघितलं. जाळी तुंबते म्हणून खरकटं मोरीत आणि वाइन पिंपात? कपाटात सापडलेली बाटलीही तिथल्याच सोड्यानं घासलेली आहे. चोरून पिणारी बाई बाटली लपवते, बाळा. घासून लख्ख करत नाही."

"रविवारी तू जेवायला येतोस," डॉक्टर हळू म्हणाले. "दादा झोपतो. धाकटी गिऱ्हाइकांकडे कपडे पोचवायला जाते."

"खऱ्या बाटल्या कुठे आहेत?" आत्यांनी विचारलं.

थोरल्यानं खांदे उडवले, आणि ते खांदे उडवणं आत्यांना पिंपापेक्षा घाण वाटलं.

"गिऱ्हाइकांना दिल्या. मोठमोठी माणसं. जुनी वाइन भेट दिली की मेजवान्यांची कामं मिळतात. इथे पडून काय उपयोग होता? आणि एवढं काय आकाश कोसळलं? स्वस्तातल्याच होत्या ना?"

"स्वस्तातल्या होत्या," दादा म्हणाले. "म्हणून तर मला परवडल्या."

"निदान पाणी भरायचंस," आत्या म्हणाल्या.

"पाण्याला वास कुठला आणणार? हे फुकट होतं. रंग होता, वास होता. खालची रांग बाबा उघडणार नव्हतेच. आणि उघडली तरी... पिणाऱ्याला काय कळतं हो? सगळं आंबलेलंच पाणी."

दादांनी पहिल्यांदा तोंड फिरवलं. दुधाळ डोळे आवाजाच्या दिशेनं लावले.

"पार्टीत मी ते तोंडाला लावलं तेव्हा तू समोर होतास?"

थोरल्यानं कोचाच्या हातावर मूठ दाबली.

"होतास. मला तुझा शर्ट दिसत होता, पांढरा. तू माझा हात धरू शकला असतास."

थोरली सून उठली आणि बाहेर गेली. थोरला तिच्यामागे गेला. आत्या उठल्या, तो टेकून बसला होता तो कोचाचा हात ओल्या फडक्यानं पुसला, आणि फडकं कचऱ्यात टाकलं.

मग दादांनी धाकटीला हाक मारली. म्हणाले, पोरी, किल्ली खिळ्याला लावू नकोस. तुझ्याजवळ ठेव. माफी मागणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं, तेव्हाही जमलं नाही. तिनं ते ओळखून घेतलं.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. थोरल्याचा धंदा चालला, उलट वाढला. असल्या माणसांचे धंदे बुडतात ते फक्त गोष्टींत. मात्र पिंपाची बातमी फुटली, कुणी फोडली ते सांगायला नको, आणि त्यानं दिलेल्या "जुन्या बाटल्या"सुद्धा लोकांनी न उघडता मोरीत ओतल्या. त्या तर खऱ्या होत्या. दादांना हे कळलं तेव्हा ते खूप हसले आणि मग कोठीत जाऊन रिकाम्या पाइपांवरून हात फिरवत बसले. थोरल्याची बायको काही दिवस माहेरी राहून परत आली; पण त्या घरात ती पाणीसुद्धा स्वतःच्या हातानं भरून प्यायची, असं म्हणतात. डॉक्टर झोपेत गेले, त्यांच्या मनासारखे. धाकटीच्या खोल्या दादांनी तिच्या नावावर केल्या. तिनं पुढे दोन मुली हाताखाली घेतल्या, आणि जिन्याखालच्या कोठीची ती अशी जाणकार झाली की छोटे मळेवाले तिलाच विचारून भाव सांगू लागले.

दादा अंथरुणाला खिळले तेव्हा वरच्या रांगेतली शेवटची जुनी बाटली तिनं उघडली. ठिपका वाटोळा, गाळाची रेघ शाबूत. पेला तिनं दादांच्या ओठाला धरला. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, सावकाश गिळला.

"टोचत नाही आता," म्हणाले. बाकीचं त्यांच्यानं जाईना.

धाकटी पेला मोरीकडे नेत होती. आत्यांनी तो तिच्या हातातून घेतला. कडेवर दादांच्या ओठांचा ठसा होता, तळाशी दोन घोट उरले होते. आयुष्यात कुणाच्या कपाला तोंड न लावलेल्या त्या बाईनं पेला पुसला नाही, फिरवलाही नाही. भावानं जिथे ओठ टेकवले होते तिथेच टेकवले, आणि उरलेलं पिऊन टाकलं.